सोबतीला आलेली

सुनेने व्हॅन पेट्रोल पंपाच्या पुढे, बंद छापखान्यासमोर थांबवली आणि काच खाली केली. निळा स्कार्फ गुंडाळलेली बाई तिथे उभी असेल, असं बेकरीवालीने फोनवर सांगितलं होतं. नाव सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही, हा त्यांच्या निधीचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. गावातल्या दहा-बारा जणी दर महिन्याला जमेल तेवढं बाजूला टाकत. जिला गर्भ ठेवायचा नाही आणि दवाखाना गाठायची सोय नाही, तिचं त्यातून भागे. सून एरवी शाळेच्या मुलांची ने-आण करायची. शाळेला सुट्टी असली की ती आणि व्हॅन, दोघीही या कामाला.

निळा स्कार्फ वळला. आत सासूबाई होत्या.

"मी भाजीला आले होते," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

"पिशवी?"

सासूबाईंनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि तरातरा उलट दिशेने चालू लागल्या. सुनेने व्हॅन रिव्हर्सला टाकली आणि त्यांच्या बाजूने हळूहळू मागे नेली. मागून एक टेम्पोवाला हॉर्न बडवायला लागला.

"आई, मला असं उलटं घरापर्यंत नाही जाता येणार. बसा."

सासूबाई बसल्या. गाव मागे पडेपर्यंत त्यांनी स्कार्फ सोडला नाही.

"मला वाटलं, पाळी जायचे दिवस आले. उलट्या सुरू झाल्या तेव्हा कळलं." त्या खिडकीशी बोलत होत्या. "मुलाचं लग्न झालंय माझ्या. या वयात हे काय गं?"

"बाबांना माहीत आहे?"

"तेव्हापासून पेपर उलटा धरून बसतात."

सुनेला हसू आवरेना. सासूबाईंनी रागाने मान वळवली, आणि मग त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

"'तू म्हणशील तसं,' म्हणाले. मी म्हटलं, मला नको. एकदा म्हटलं, पुन्हा विचार करावासा वाटला नाही. पण इथला डॉक्टर यांचा चुलतभाऊ. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मग बेकरीतल्या भिंतीवरचा तुमच्या त्या भानगडीचा नंबर..." त्या थांबल्या. घरात या कामाला 'भानगड' हे नाव त्यांनीच दिलं होतं. "तूच येशील हे कुठे ठाऊक होतं! घरी सांगशील?"

"मी गाडी चालवते, आई. बातम्या देत नाही."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि पुन्हा एकदा विचारलं, "तुमचं नक्की ना?"

"नक्की," सासूबाई म्हणाल्या. आवाज मुलाला जेवायला हाक मारतानाचा होता, ठणठणीत. बाहेर बाकावर बसलेल्या सुनेलाही तो ऐकू आला.

दुपारी त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरला होता, पण चाल त्यांचीच होती. इतक्यात बेकरीवालीचा फोन आला. त्याच दवाखान्यात आणखी एक मुलगी आली होती, तिची परतीची बस चुकली होती. तिला वाटेत सोडता येईल का?

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं.

"जागा आहे की," त्या म्हणाल्या.

मुलगी कॉलेजातली असावी. मागच्या सीटवर एका कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि बाहीचं टोक दातात धरून बाहेर बघत राहिली. रेल्वेचं फाटक लागलं होतं. व्हॅन थांबताच मागून हुंदका ऐकू आला. दाबलेला, पण पुरता दाबला न गेलेला.

सासूबाईंनी दार उघडलं. एक हात ओटीपोटावर धरून त्या सावकाश उतरल्या आणि मागच्या दाराने आत शिरल्या.

"सरक जरा. डोकं ठेव इथे. दुखतंय?"

"थोडं."

"दुखतं थोडं. आज पडून राहा, उद्या बरं वाटेल."

मुलीने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. काही वेळाने तिने विचारलं, "काकू, तुम्हीपण या निधीच्या का?"

सासूबाईंनी समोरच्या आरशात पाहिलं. सून फाटकाकडे बघत होती.

"हो," त्या म्हणाल्या. "नवीनच आहे."