बाबांची शिवण

वादळाचा तिसरा दिवस होता. दुपारचे दोन वाजले असतील, पण केबिनमध्ये दिवा लावावा लागला होता. शर्यतीतल्या बाकीच्या बोटी कुठे आहेत, याची दोघा भावंडांना आता फिकीर उरली नव्हती. वादळासाठी ठेवलेलं लहान, जाड शीड कडेच्या शिवणीवर हातभर उसवलं होतं. आणि त्याच्याविना बोटीचं नाक लाटांकडे राहत नव्हतं. बोट आडवी होई आणि प्रत्येक लाट तिच्या कुशीवर आदळे.

धाकटी बहीण पाय रोवून, ओलं शीड मांडीवर घेऊन बसली होती. तळहाताला चामड्याचा पट्टा, बोटांत दाभण. दादा सुकाणू बांधून खाली आला होता आणि कापड ताणून धरत होता.

“नीट धर की! बाबा विचारतील, शीड शिवलंस की पोतं?”

दादा हसला नाही. सकाळी ती झोपलेली असताना सॅटेलाइट फोनवर आईचा आवाज आला होता. बाबा पहाटे गेले. किनारा पाच दिवस दूर होता. वादळ ओसरल्यावर हिला सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

“एवढंच शिवून भागायचं नाही,” तो म्हणाला. “पुढचे टाके बघ केवढाले पडलेत. सगळी शिवण उसव आणि नव्याने घाल.”

तिचा हात थांबला. “निघायच्या आधीच दिसलं होतं मला. हे शिवताना बाबांचे हात कापत होते, दादा. पण मी गप्प बसले. मी पुन्हा शिवायला घेतलं असतं, तर काय वाटलं असतं त्यांना?”

शिडांच्या त्यांच्या कारखान्यात एक नियम होता: ज्याची शिवण त्यानेच उसवायची, दुसऱ्याने उसवायची तर त्याला विचारून. बाबांनी तो स्वतःलाही लावून घेतला होता. दहा वर्षांच्या मुलीने घातलेली वाकडी शिवण उसवण्यासाठी त्यांनी ती शाळेतून येईपर्यंत वाट पाहिली होती.

“फोन लाव,” ती म्हणाली. “विचारते. आधी चिडतील, मग हो म्हणतील.”

“चिमणे, वेळ नाहीये.”

“दोन मिनिटांचं तर काम! लाव ना.”

बोट कलली. फळीवरचा डबा गडगडत दाराशी गेला. दादाने कापडाची कड सोडली नाही.

“आता विचारायला नको,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. “कधी?”

“पहाटे.”

“आणि मी मघापासून इथे...” बराच वेळ ती शिडावर कपाळ टेकून बसली. दादाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने झिडकारला नाही. मग मान वर न करता तिने पातं मागितलं.

शिवण उसवताना एकही टाका अडला नाही. सगळे किती सैल होते, हे तिच्या बोटांना कळत होतं.

दीड तासाने शीड चढलं. बोटीने नाक वळवलं आणि पहिली लाट समोरून घेतली. खाली घोट्याएवढं पाणी साचलं होतं; बाबांच्या दोऱ्याचे तुकडे त्यात तरंगत होते. ती वाकून एकेक तुकडा वेचत होती. पाणी उपसायला आलेला दादा, तिचं वेचून होईपर्यंत, बादली धरून पायरीवर उभा राहिला.