कागदापुरतं

हेमांगीला घर मंजूर झालं आणि त्याच कागदावर नऊ वर्षांपूर्वी सुटलेला नवराही परत मिळाला. घर हवं होतं. नवरा नको होता. पण सरकारी संगणकाला एवढं बारीक कुठलं कळायला!

चिंचणीच्या ग्रामपंचायतीत घरकुलाची यादी लागली तेव्हा तिचं नाव सातवं होतं. चौथ्या दिवशी ग्रामसेवकाने तिला बोलावून पडद्यावरची तांबडी ओळ दाखवली. तिच्या आधार क्रमांकावर आणखी एक अर्ज होता. बोईसरला परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत नीलेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, फ्लॅट लागला होता. बाईचं नाव घातल्याशिवाय तो अर्ज पुढे सरकत नव्हता, म्हणून गड्याने खुशाल हेमांगीचं नाव घातलं होतं. नवरा-बायको म्हणजे एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला एकच घर. सोमवारपर्यंत दोघांनी मिळून पालघरच्या कार्यालयात सोक्षमोक्ष लावला नाही, तर दोन्ही घरं प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसांना जाणार होती.

"दोघांनी मिळून?" हेमांगी ग्रामसेवकाला म्हणाली. "आमी दोघांनी मिळून नऊ वर्षांत एक कप चहा नाय घेतला, भाऊ."

ती सोन्याच्या दागिन्यांचे ठसे कोरायची. चिंचणीत त्यांना सगळे डाय म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने कैरी, वेल, मोर उलटे कोरायचे, मग मुंबईचे कारागीर त्यावर सोन्याचा पत्रा ठोकतात. डोळ्याला भिंग लावून ती रामनाथच्या पडवीत दिवसभर बसे. रामनाथ तिचा थोरला भाऊ. भाऊ चांगला, वहिनीही वाईट नाही, पण नऊ वर्षं कुणाच्या पडवीत अंथरूण टाकलं की चांगल्या माणसांचेही चेहरे बदलतात. आता भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि पडवीला भिंत घालून नव्या जोडप्याची खोली करायची होती. हेमांगीने कुठे जायचं, हे कुणी बोलत नव्हतं. गवंडी मात्र माप घेऊन गेला होता.

गावात तिच्या नावावर एक गुंठा होता, बापाने लग्नाआधी करून दिलेला. घरकुल त्याच्यावर होणार होतं. आणि सगळी आग लागली होती तीही त्याच गुंठ्यामुळे.

नीलेश तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. बोईसरला अठरा खोल्यांच्या चाळीत तो आणि त्याची आई साखरबाई राहत. लग्न झाल्यावर दोन वर्षं तो हेमांगीच्या मागे लागला होता, की गुंठा विक आणि इथे खोली घेऊ. ती नाही म्हणाली. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, साखरबाई सफाळ्याला लेकीकडे गेली असताना, त्याने तिची छिन्न्यांची पेटी आणि कपड्यांची पिशवी दाराबाहेर ठेवली, तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. नळाला पाणी आलं होतं, सगळी चाळ तिकडे होती. "गुंठ्यावर जाऊन झोप," एवढं म्हणून तो पाळीवर गेला.

इथवरही ती गिळून बसली असती. पण संध्याकाळी आई परत आल्यावर या माणसाने तिला सांगितलं, की सून डाय न्यायला येणाऱ्या मुंबईच्या शेठबरोबर गेली. म्हातारीने विश्वास ठेवला. लेकावर आई विश्वास ठेवणार नाही तर कोण ठेवणार? रडत रडत ती चाळीतल्या दारोदार फिरली. अठराच्या अठरा खोल्यांत बातमी पोचली, आणि तिथून चिंचणीला यायला दोन दिवसही लागले नाहीत. बिचारा तो शेठ साठीचा होता, दम्याचा होता. त्याने चिंचणीला येणं बंद केलं. हेमांगीचं काम वर्षभर थंडावलं.

तर सोमवारी दुपारी ती पालघरच्या कार्यालयात पोचली. नीलेश आधीच येऊन बसला होता. पोट सुटलं होतं, केस रंगवलेले. हातात प्लास्टिकची फाइल, त्यावर इमारतीचं रंगीत चित्र. तिला बघून त्याने मान अशी हलवली, जणू तीच उशिरा आली.

टेबलामागे वैभवी मॅडम होत्या, परभणीकडच्या, नव्यानेच बदलून आलेल्या. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"तुम्ही एकत्र राहता?"

"नाय," दोघं एकदमच बोलले. त्यांच्या संसारातलं हे पहिलं एकमत.

"घटस्फोट झालाय?"

"कोर्टात कोन फेऱ्या मारत बसेल, मॅडम," नीलेश म्हणाला.

"मग माझ्यासाठी तुम्ही एकच कुटुंब आहात. एकाने घर सोडायचं. नाहीतर यांना नवऱ्याने टाकलंय असं सिद्ध करा, मग यांचं कुटुंब वेगळं धरता येईल. कोर्टाचा कागद नसेल तर तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या, की मी हिला अमुक दिवशी घराबाहेर काढलं, तेव्हापासून नांदवलं नाही. तुमच्या फ्लॅटला मग बाई म्हणून आईचं नाव लावा."

"आईचा अंगठा आणलाय मी कोऱ्या फॉर्मवर," नीलेश लगबगीने म्हणाला. या बाबतीत गडी फार हुशार. "पन मॅडम, मी हिला काढलं नाय. ती गेली."

"स्वतःहून गेल्या असतील तर परित्यक्ता होत नाहीत. मग एकच घर. पाच वाजता यादी बंद होते."

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

समोरच्या रस्त्यापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये धर्माजी टायपिंगवाला बसायचा. चष्मा नाकावर, शेजारी झेरॉक्सचं मशीन. त्याच्याकडे जगातल्या सगळ्या दुःखांचे तयार नमुने होते, फक्त नावं बदलायची.

शेडकडे जाताना नीलेशने आवाज गोड केला. "हे बघ, तू तुजा अर्ज मागे घे. भावाकडे हायसच की. आनि वाटलं तर ये माज्या फ्लॅटमध्ये. एक कोपरा देईन तुला. आईचंही आता कुनीतरी बगायला पायजे."

एके काळी ती याला अहो म्हणायची. "कोपरा तुज्या आईला दे," ती म्हणाली. "आनि मला अगं-तुगं करायच्या आधी तारीख आठव."

"कसली तारीख?"

"कागदावर घालायची."

धर्माजीने नमुना उघडला. "पत्नी स्वखुशीने माहेरी राहते, हा चालेल?"

"चालेल," नीलेश म्हणाला.

"नाय चालणार," हेमांगी म्हणाली.

"मग आपसात पटत नसल्याने?"

"पटत नसल्याने नाय. लिवा. नऊ वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता मी माजी पत्नी हेमांगी हिला दंडाला धरून बाहेर काढलं आनि कुलूप लावलं. तिने बापाने दिलेली जमीन विकायला नकार दिला म्हनून."

शेडमध्ये दाखल्यांसाठी आलेली चार माणसं होती. ती आता उघडपणे ऐकायला लागली. नीलेशचे कान लाल झाले. फाइलवरच्या इमारतीकडे बघून त्याने तेवढं गिळलं. धर्माजीची बोटं चालत होती. प्रमाण मराठीत तिचं बोलणं उतरत होतं, म्हणजे धार जराही कमी न होता फक्त इस्त्री होत होती.

"झालं?" धर्माजीने विचारलं.

"अजून एक ओळ हाय. नंतर मी माज्या आईला आनि शेजाऱ्यांना, ती परपुरुषाबरोबर गेली असं सांगितलं. ते खोटं होतं."

धर्माजीने चष्म्यावरून पाहिलं. "ताई, हे घरकुलाला लागत नाय."

"मला लागतं."

नीलेश खुर्ची मागे सारून उठला. "हे नाय लिवनार मी! जीव गेला तरी नाय. तू काय मला चार लोकांत नागडा करायला आनलंस काय?"

"तू मला केलंस तेव्हा अठरा घरं होती. इथे चारच हायत."

"मग बस बोंबलत! जाऊ दे तुजं घर!"

"जाऊ दे," हेमांगी म्हणाली. "तुजंही जाऊ दे."

तिने पिशवी उचलली आणि शेडच्या बाहेर पडली. हे बोलायला सोपं होतं. रस्त्याच्या कडेला ती उभी राहिली. तिला भीती वाटत होती, खरीखुरी भीती. गवंड्याचा माप घेतानाचा दोरा तिला दिसत होता. वहिनीने परवाच सहज विचारलं होतं, की वृद्धाश्रमात वयाची अट असते का गं? हेमांगी एक्केचाळीस वर्षांची होती. एका ओळीपायी ती पक्कं घर फेकून द्यायला निघाली होती, आणि कुणाला सांगितलं असतं तर त्याने तिला मूर्खात काढलं असतं. तरीही तिने पाऊल मागे घेतलं नाही. पोलादावर चुकीची छिन्नी बसली की डाय वितळवायलाच पाठवतात, मध्ये काही नसतं, हे ती बोटांनी शिकली होती. ती स्टँडच्या दिशेने चालायला लागली.

तिने दहा पावलं टाकली, वीस टाकली.

"ए!" मागून हाक आली. मग जरा आवाज उतरवून, "हेमांगी!"

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. नीलेश शेडच्या दारात फाइल छातीशी धरून उभा होता. बाराशे अर्जांतून लागलेला फ्लॅट होता तो. तिसरा मजला, पूर्वेकडची गॅलरी. "लिव रे काय लिवायचं ते," तो धर्माजीला म्हणाला. "पन लवकर."

पावणेपाचला ते वैभवी मॅडमसमोर होते. मॅडमनी कागद हातात घेतला, सावकाश वाचला, शेवटच्या ओळीवर थांबल्या. एकदा हेमांगीकडे बघितलं. मग कागद नीलेशपुढे सरकवला. "मोठ्याने वाचा. समजून सही करताय ना, ते मला कळू दे."

नऊ वर्षं हेमांगी या घडीची वाट बघत होती. पडवीत ठोकळ्यावर हातोडी पडायची तेव्हा ती मनात हा प्रसंग रचायची. तो रडेल. त्याचा आवाज फुटेल. निदान मान तरी खाली जाईल.

नीलेशने वाचलं. लाइटबिल वाचावं तसं वाचलं. दंडाला धरून बाहेर काढलं, स्वल्पविराम, कुलूप लावलं. परपुरुषाबरोबर गेली असे खोटे सांगितले. एकाही शब्दावर तो अडखळला नाही.

"हे सगळं खरं आहे?" मॅडमनी विचारलं.

"हो हो, खरं हाय. सही कुठे? आनि मॅडम, चावी कधी मिळेल?"

एवढंच. नऊ वर्षं जे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं ते एका फ्लॅटपायी दोन मिनिटांत निघालं, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. हेमांगीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तेही आलं नाही.

मॅडमनी दोन्ही अर्ज वेगळे केले, शिक्के मारले. तांबडी ओळ गेली. मूळ कागद फाइलला लागला आणि त्याची एक शिक्क्याची प्रत हेमांगीच्या हातात आली. "पायाचं काम सुरू झालं की फोटो काढायला माणूस येईल," मॅडम म्हणाल्या. "आणि दोघांनीही ऐका. यातला एक शब्द जरी कुणी मागे घेतला तरी दोन्ही घरं रद्द."

बाहेर आल्यावर नीलेशला एकदम हलकं वाटायला लागलं. त्याने मोबाइल काढून वेळ बघितली, केसांवरून हात फिरवला. "झालं ना तुज्या मनासारखं?" तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नको. ते काय, कागदापुरतं हाय. कोन वाचतंय!"

हेमांगीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग रस्ता ओलांडून ती धर्माजीच्या शेडमध्ये गेली आणि शिक्क्याची प्रत मशीनवर ठेवली.

"किती काढू?" धर्माजीने विचारलं.

"अठरा."

नीलेश तिच्या मागोमाग आला होता. अठरा म्हटल्यावर त्याला हिशेब लागायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"हेमांगी, येडी हायस काय! मी सांगेन हे खोटं हाय, तूच जबरदस्तीने..."

"सांग ना. मॅडमना पन सांग. हापीस अजून उघडं हाय."

मशीनमधून कागद गरम गरम बाहेर येत होते आणि धर्माजी ते हाताने चापून रचत होता. सोळा, सतरा, अठरा.

"अजून एक काढा," हेमांगी म्हणाली. तो एकोणिसावा कागद तिने घडी न घालता नीलेशच्या फाइलमध्ये, इमारतीच्या चित्राच्या वर सरकवला. "हा आईंचा. त्यांना वाचता येत नाय. तूच वाचून दाखव."