वाढत्या अंगाची सीट

वच्छलाबाई काखेत कोहळं घेऊन दुकानात शिरल्या, तेव्हा सागरला वाटलं, बाई दार चुकल्या. लहान मुलांच्या सामानाचं त्याचं दुकान अमरावतीत चांगलं चालायचं. पाळणे, बाबागाड्या, बाटल्या, लंगोट असं सगळं तिथं मिळायचं, पण भाजी घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं. बाईंनी कोहळं काउंटरवर ठेवलं आणि पदराने कपाळ पुसलं.

"चार किलो शंभर ग्रॅम," त्या म्हणाल्या. "माह्या नातीचं वजन एवढंच हाय. आता मले गाडीतल्या सीटा दाखव. ज्याच्यात हे हालनार नाई, ते मी घेईन."

भाजीबाजारात वच्छलाबाईंना सगळे ओळखत. नवरा देवीदास शेतात पिकवणार आणि त्या विकणार, ही घरातली वाटणी सत्तावीस वर्षं चालत आलेली. उचलून, दाबून, उलटंसुलटं करून पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही विकत घेतलं नव्हतं. सुनेला तेवढं दाबून पाहता येईना, म्हणून लग्न ठरण्याआधी चार चकरा अकोल्याला मारल्या होत्या आणि चौथ्या चकरेला खूश होऊन परतल्या होत्या.

त्याच सुनेने, रागिणीने, हे सीटचं खूळ काढलं होतं. रागिणी बाळंतपणाला अकोल्याला माहेरी गेली, मुलगी झाली, आणि सवा महिना झाला की मंगळवारी दोघींना घरी आणायचं ठरलं. नातवंड घरी आणायचं ते सासूने, स्वतःच्या मांडीवर, अशी या घरची रीत. योगेश झाला तेव्हा वच्छलाबाईंच्या सासूने त्याला आजोळाहून, चांदूर बाजारहून, एसटीने असंच आणलं होतं. दूध पाजायला तेवढा आईकडे दिला आणि तोंड पुसून लगेच परत घेतला. वच्छलाबाईंना तेव्हा सासूचा भयंकर राग आला होता. पण त्याच एसटीत त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, की आपली पाळी येईल तेव्हा आपणही सोडायचं नाही. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती.

आणि रागिणीचा फोन आला. ती दवाखान्यात नर्स होती, तीही अपघाताच्या वॉर्डात. "आई, बाळाले मांडीवर नाही आणायचं. सीट घेऊन या, तरच मी तिला गाडीत बसवीन. मी काय काय पाहिलं आहे ते तुमाले सांगत नाही."

देवीदासांच्या ताटातली भाजी दोन दिवस जहाल तिखट झाली आणि त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली. तिसऱ्या दिवशी बाई सावरल्या. मांडी नाही तर नाही, पण नातीची सीट दुसरं कोणी निवडणार नाही. योगेश मोबाइलवर मागवतो म्हणाला, तर त्याला त्यांनी एका नजरेत गप्प केलं.

सागरने आधी एक लहानशी सीट काढली. उथळ, मागे कललेली, वर कडी असलेली.

"हे तं टोपलं हाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मावशी, एवढ्या लहान बाळाले हीच लागते. पंधरा महिने चालते."

"आन पंधरा महिन्यानं काय करू? कोथिंबीर भरू याच्यात?"

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या मोठ्या सीटवर गेली. उंच पाठ, दोन्ही बाजूंना जाड गाद्या, चार बोटं रुंद पट्टे. बाईंनी ती एका हाताने ओढून दिव्याखाली आणली. योगेशचा चौथीतला गणवेश सहावीपर्यंत पुरला होता. पायजम्याला आत दोन दुमडी असायच्या आणि दर दिवाळीला एक उलगडायची. वाढत्या अंगाचं घ्यावं, हे या घरात कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

"ही नऊ किलोच्या पुढच्या लेकराची आहे," सागर म्हणाला.

"होईन नं नऊ किलोची. का जल्मभर चारचीच राहीन?"

त्यांनी कोहळं सीटमध्ये बसवलं, पट्टे होते तेवढे आवळले आणि सीट पुढे-मागे हलवली. मग ती उचलून आडवी केली, शेवटी उलटी धरली. सागरने डोळे मिटले. कोहळं जागचं हललं नाही. त्याने आणखी एकदा नऊ किलोंचं सांगून पाहिलं, पण वच्छलाबाई स्वतः दुकानदार होत्या. किलोभर मागणाऱ्याच्या पिशवीत दीड किलो कसं घालायचं हे त्यांना ठाऊक होतं, तेव्हा आज लहान आणि उद्या मोठी अशा दोन सीटा गळ्यात मारायचा डाव त्यांनी लगेच ओळखला. सागरने तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

गाडी लावायला जागा शोधून योगेश आत आला, तोवर सीट बांधून तयार होती. "आई, बरोबर पाहिली ना?" त्याने विचारलं.

"कोहळं नाई हाललं," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

मंगळवारी अकोल्याला त्या अगदी ताठ मानेने गेल्या. विहीण सुभद्राबाईंनी चांगलं पुरणाचं जेवण केलं, लेकीची ओटी भरली, आणि निघायच्या वेळी गल्लीतल्या चार बायका बाहेर आल्या. त्यांच्या देखत वच्छलाबाईंनी नातीला उचलून गाडीपाशी नेलं. मागच्या सीटवर नवी सीट दिमाखात बसलेली होती. त्यांनी पोरीला तिच्यात ठेवलं, पट्टे आवळले, आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "दहा वर्षं पाह्यचं काम नाई."

पोर त्या सीटमध्ये पार बुडून गेली होती. तिचं डोकं आधी डावीकडे कललं, मग पुढे आलं, आणि हनुवटी छातीवर टेकली. घशातून बारीक घरघर यायला लागली. वच्छलाबाईंना वाटलं झोपली. तोवर रागिणीने त्यांना बाजूला सारून दोन बोटांनी पोरीची हनुवटी वर उचलली, दुसऱ्या हाताने पट्टे सोडवले आणि तिला बाहेर काढून खांद्यावर घेतलं. पोरीने मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली.

"आई, एवढ्या लहान बाळाची मान धरत नाही अजून," रागिणी म्हणाली. "सरळ बसवलं की डोकं पुढे येते आन श्वास कोंडते. ही मोठ्या लेकरांची सीट आहे."

वच्छलाबाईंनी पुढे होऊन पोरीच्या मानेला तळवा लावला. तीन पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली होती. सवा महिन्याच्या लेकराची मान सांभाळायची असते, हे बाजारातल्या कोणत्याही बाईने झोपेत सांगितलं असतं. त्यांनी कोहळं घेतलं, तोललं, उलटं करून पाहिलं, आणि कोहळ्याला मान नसते एवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही. दुकानदार सांगत होता तेही त्यांनी ऐकलं नव्हतं.

"आता कसं करता?" सुभद्राबाई म्हणाल्या. "उद्या बुधवार. बुधवारी मी लेक पाठवत नाई. परवापासून जावयाले सुट्टी नाई, म्हंजे गेलं रविवारवर. त्यापेक्षा घ्या मांडीवर इनबाई. दोन घंट्याचा तं रस्ता. आपले लेकरं का सीटांत बसून वाढले?"

योगेश म्हणाला, "मी हळूच नेईन. चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही."

सगळ्यांनी रागिणीकडे पाहिलं. सवा महिन्यात ती सलग तीन तास झोपली नव्हती. खांद्यावर पोर किंचाळत होती, ऊन तापत होतं, आणि अमरावतीला आपल्या घरी जायची तिला मनापासून ओढ होती. तिने डोळे मिटून घेतले. "घ्या आई मांडीवर," ती म्हणाली. "मागे बसा. जाऊ हळूहळू."

आणि तिने पोर सासूच्या हातात दिली.

वच्छलाबाई मागे बसल्या. मोठी सीट डिकीत गेली. पोर मांडीवर येताच रडायची थांबली, दोनदा हुंदका देऊन तिने आजीच्या पातळाचा काठ मुठीत धरला. तिच्या अंगाची ऊब मांडीला लागली आणि वच्छलाबाईंना इतका आनंद झाला, की दहा मिनिटांपूर्वीची फजितीही त्या विसरल्या. एकतीस वर्षं हेच मागितलं होतं. न मागता, न भांडता मिळालं होतं, तेही सुनेच्या हातून.

गाडी निघाली. योगेश खरंच हळू चालवत होता, पायी चालणारा माणूस पुढे गेला असता. गल्लीच्या तोंडाशी आडव्या रस्त्यावरून एक ऑटो अचानक वळला आणि योगेशने ब्रेक दाबला. फार जोराचा नव्हे. रागिणी पुढे बसली होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. ऑटोवाला निघून गेला, योगेशने पुन्हा गिअर टाकला.

"थांब," वच्छलाबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"थांब म्हनलं नं."

त्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. तो पुढच्या सीटच्या पाठीवर होता, पंजा पसरून घट्ट रोवलेला. ब्रेक लागायच्या आधी तो पोरीच्या छातीवर होता. तिथून तो कधी निघाला, हे त्यांना कळलंही नव्हतं. पोर मांडीवर अर्धी पुढे सरकली होती आणि एका डाव्या हातावर अडली होती. ती झोपेतच होती. कोणाला काही कळलं नव्हतं, आणि त्या बोलल्या नसत्या तर पुढेही कळलं नसतं.

"मी सोडलं तिले," वच्छलाबाई म्हणाल्या. "सोताले सावराले गेली आन तिले सोडलं. एवढ्याशा ब्रेकनं. हायवेवर ट्रक आडवा आला असता तं?"

"आई, होते असं," रागिणी म्हणाली. "कोणाचाही हात जातो."

"तेच म्हनून राहिली मी. कोनाचाई जाते, तं माहाई गेला. गाडी मागं घे, योगेश."

घरी येऊन त्यांनी पोर सुभद्राबाईंच्या हातात दिली. सुभद्राबाई पुन्हा बुधवारावर येणार होत्या, पण विहिणीचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. रागिणीने पोरीला पाजून निजवलं आणि तिघं अकोल्याच्या बाजारात गेले. दुसऱ्या दुकानात त्यांना हवी तशी सीट सापडली. या वेळी वच्छलाबाईंनी कशाला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "रागिणी, तू पाय. आज जे लागते ते घे. उद्याचं उद्या."

रागिणीने कललेली, खोलगट, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा असलेली सीट काढली. सागरच्या दुकानात पाहिलेल्या टोपल्याची ही सख्खी बहीण दिसत होती. वच्छलाबाईंनी ते कबूल केलं, मोठ्याने. मग रागिणीने सांगितलं, की ही गाडीत उलटी लावायची, बाळाचं तोंड मागे. ब्रेक लागला की अख्खी पाठ सीटवर दबते, मानेला हिसका बसत नाही. वच्छलाबाईंनी क्षणभर विचार केला. टेम्पोत टोमॅटोचे कॅरेट त्या नेहमी ड्रायव्हरच्या पाठीला टेकवूनच लावायच्या. "बराबर हाय," त्या म्हणाल्या. "टेकू पायजे."

सीट गाडीत बसवायला मात्र कोणाला धड जमेना. योगेशने पट्टा दोनदा घातला आणि दोन्ही वेळा सीट वीतभर सरकली. दुकानदाराने येऊन घातला, तरी डुगडुगत राहिली. वच्छलाबाईंनी पदर खोचला. माल बांधण्यात सबंध बाजारात त्यांचा हात कोणी धरत नसे. त्या आत शिरल्या, सीटवर एक गुडघा रोवला, सगळं वजन टाकलं, आणि पट्टा हातभर ओढून घेतला. मग रागिणीने दोन्ही हातांनी सीट हलवून पाहिली. सीट हलली नाही, गाडी हलली.

"अस्सं बसवतात," रागिणी म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

निघायला साडेचार वाजले. वच्छलाबाई मागे नातीशेजारी बसल्या. रिकाम्या मांडीवर हात ठेवायला त्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी पिशवी घेतली, मग तीही खाली ठेवली. वाईट वाटलंच. बडनेरा येईपर्यंत वाटत राहिलं. पण पोरीचं डोकं उशांच्या मधोमध नीट टेकलेलं होतं, तोंड जरा उघडं होतं आणि श्वास सरळ चालला होता. ते त्या अख्खा रस्ता पाहत होत्या.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा शेजारच्या जयवंताबाई भाकरतुकडा घेऊन उभ्याच होत्या. आणखी सात-आठ बायका होत्या, देवीदास नवं धोतर नेसून उगाच आतबाहेर करत होते. वच्छलाबाई उतरल्या. त्यांचे हात मोकळे पाहून जयवंताबाई म्हणाल्या, "काय वं वच्छला, नात कोठी हाय? गावभर सांगत होती नं, माह्या मांडीवर आनीन म्हनून?"

रागिणी पटकन पुढे झाली. "काकू, मीच म्हटलं होतं, की..."

"तू नोको बोलू," वच्छलाबाई म्हणाल्या. बाजारात भाव सांगायचा आवाज त्यांनी लावला, गल्लीच्या त्या टोकाला जावा असा. "घेतली होती मांडीवर. ब्रेक लागला आन माहा हात सुटला. माहाच. म्हनून सीटमधी बांधून आनली."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. जयवंताबाईंचा सहा महिन्यांचा नातू त्यांच्या कडेवर होता. उद्या सकाळी त्याला मोटारसायकलवर पुढे घेऊन त्यांचा मुलगा धामणगावला जाणार होता. त्यांनी नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तुहा सुटला?" त्यांनी हळूच विचारलं.

"माहा सुटला," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पट्टे सोडवायला गाडीत वाकल्या.