योग्य ती कार्यवाही

ऑस्ट्रेलियात हायस्कूललाही कॉलेज म्हणतात, याची पायस तुस्कानोला पहिल्या वर्षी गंमत वाटली होती. चौथ्या वर्षी, १९९५च्या नोव्हेंबरात, त्या गमतीचा दुसरा अर्थ त्याला कळू लागला. संस्थेचे नाव मोठे ठेवले की तिच्या दारात आलेल्या माणसाला लहान करणे सोपे जाते.

सिडनीतल्या कॅसल हिलजवळच्या त्या खाजगी कॉलेजात ‘पालकांचा सहभाग’ हे शब्द प्रार्थनेच्या सुरात उच्चारले जात. ते दर सत्राच्या पत्रकात असत, प्राचार्यांच्या भाषणात असत, आणि प्रवेशाच्या अर्जावर तर ते जाड टायपात होते. पायस आणि त्याची बायको सेलिन यांनी त्या शब्दांचा अर्थ अंगमेहनतीने शिकून घेतला होता. ‘वर्किंग बी’ नावाच्या शनिवारच्या श्रमदानात पायसने टेनिस कोर्टामागचे कुंपण रंगवले. ब्लॅकटाउनच्या बाजूला एका इस्पितळात नर्स असलेली सेलिन सुटीच्या दिवशी कॅन्टीनमध्ये पाव कापायला उभी राहिली. वार्षिक जत्रेसाठी तिने तीनशे समोसे तळले, तेव्हा स्टॉलवर ‘स्पायसी ट्रायँगल्स’ अशी पाटी लागली आणि प्राचार्यांनी व्यासपीठावरून आभार मानले ते पाटी रंगवणाऱ्या बाईंचे. सहभागात कसूर नव्हती. ज्या मुलीसाठी हे सारे चालले होते तिच्या अभ्यासाविषयी मात्र तीन वर्षांत त्यांना कोणी अवाक्षर विचारले नव्हते.

ती मुलगी, ॲबिगेल, दहावीत होती. तिला पूल बांधायचे होते. हे बालपणीचे खूळ नव्हते. ती विचारणाऱ्याला ‘सिव्हिल’ असे एका शब्दात सांगे आणि न विचारणाऱ्याला सिडनीतल्या प्रत्येक पुलाचे दोष ऐकवी. दहावीच्या अखेरीस विषय ठरतात, त्या विषयांवर बारावीची एचएससी होते आणि एचएससीवर युनि, म्हणजे विद्यापीठ, मिळते, एवढी साखळी पायसला नीट कळली होती. म्हणून ऑक्टोबरात कॉलेजच्या करिअर्स ॲडव्हायझर मिसेस हॅलोरन यांचे पत्र आले तेव्हा त्याने ते उभ्यानेच वाचले आणि मग बसून पुन्हा वाचले.

ॲबिगेलने अकरावीला ‘थ्री युनिट’ या वरच्या पातळीच्या गणिताऐवजी ‘मॅथ्स इन सोसायटी’ हे सोपे गणित घ्यावे, अशी शिफारस होती. त्यात तिला आत्मविश्वास वाटेल. नर्सिंगसारख्या सुंदर पेशासाठी तेवढे गणित पुरते. पालकांची हरकत असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे.

“नर्सिंग कोणी सांगितलं यांना?” सेलिनने विचारले.

“मी नाही,” ॲबिगेल म्हणाली. “ममी, त्यांनी तुझा युनिफॉर्म बघितला असणार. कॅन्टीनला तू शिफ्टवरून थेट आली होतीस ना एकदा.”

“माझा युनिफॉर्म बघून हिचं गणित कळलं यांना! मी काय लाजते का माझ्या कामाला? पण ते माझं आहे. हिला कशाला वारसाहक्काने?”

गणितात ॲबिगेलला एक्क्याऐंशी गुण होते. थ्री युनिटच्या वर्गात चोवीस जागा होत्या आणि तिचा क्रमांक अठरावा होता. समाजात गणित असते हे पायसला ठाऊक होते. समाज ते कोणाला मोजण्यासाठी वापरतो हेही त्याला थोडेफार ठाऊक होते. पण ‘समाजातले गणित’ शिकलेल्या मुलीला इंजिनिअरिंगची पायरी चढता येत नाही, हे त्या पत्रात कुठे लिहिले नव्हते. ते ॲबिगेलने युनिची माहितीपुस्तिका टेबलावर आपटून दाखवले.

“मी लिहितो,” पायस म्हणाला.

हे तो अभिमानाने म्हणाला. मुंबई गोदीच्या कचेरीत चौदा वर्षे त्याने इंग्रजी पत्रांचे मसुदे केले होते, आणि वसईच्या त्याच्या गावात कोणालाही सरकारदरबारी काही मागायचे असले की लोक कागद घेऊन पायसच्याच ओट्यावर येत. इथे आल्यापासून तो एका गोदामात पार्सलांची वर्गवारी करत होता. भाषेला गंज चढला होता. आता तिला काम मिळाले. दोन संध्याकाळी खपून त्याने पत्र टाइप केले. पहिल्या परिच्छेदात कॉलेजच्या थोर परंपरेचा गौरव होता. दुसऱ्यात मुलीची इंजिनिअरिंगची दीर्घकालीन मनीषा ‘आपल्या सहानुभूतिपूर्ण विचारार्थ’ सादर केली होती. ‘हरकत’ हा शब्द त्याने कुठेच लिहिला नाही. साहेबाला ‘तुमचे चुकले’ असे लिहायचे नसते. त्याला स्वतःचे चुकलेले स्वतःच दिसेल एवढा उजेड करून ठेवायचा असतो. आणि शेवटी त्याने तेच वाक्य लिहिले ज्याने गोदीच्या कचेरीत हजारो कामे झाली होती: ‘काइंडली डू द नीडफुल.’

साऱ्या हिंदुस्थानच्या कचेऱ्या या शब्दांवर चालतात. त्यांचा अर्थ, योग्य ती कार्यवाही करावी. आणि योग्य ते कोणते, हे वरच्या परिच्छेदांत खालच्या आवाजात सांगून झालेले असते. आपल्याकडच्या शिपायालाही हे कळते.

पत्र नवव्या दिवशी कॉलेजात पोचले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आले: शिफारशीला दिलेल्या मनःपूर्वक पाठिंब्याबद्दल आभार, ॲबिगेलचे नाव मॅथ्स इन सोसायटीत नोंदवले आहे, विषयांची अंतिम यादी शुक्रवारी जाईल.

ॲबिगेलने वडिलांच्या पत्राची कार्बन प्रत मागितली आणि सोफ्यावर पाय घेऊन वाचली.

“पप्पा, व्हॉट्स ‘नीडफुल’?”

“म्हणजे जे आवश्यक आहे ते. जे मागितलंय ते.”

“पण तू काही मागितलंच नाहीस! यू बेसिकली टोल्ड देम, तुम्हाला काय हवं ते करा.” तिचा आवाज चिरकला. “माझ्या पूर्ण लाइफबद्दल तू दोन पानं लिहिलीस आणि त्यात एकदाही ‘नो’ नाही!”

पायसने कार्बन प्रत तिच्या हातातून घेतली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ही भाषा आमच्या कारकुनांच्या गळी उतरवली, तिच्यातल्या नम्रतेच्या पायऱ्या घालून दिल्या, त्यांच्याच नातवंडांना आता ती कळेनाशी व्हावी, आणि न कळण्याची किंमत त्याच्या मुलीने मोजावी, हे त्याला त्या क्षणी नुसते जाणवले. राग यायला सकाळ उजाडावी लागली.

शुक्रवारी नऊ वाजता तिघे मिसेस हॅलोरनच्या खोलीत बसले होते. सेलिनची पाळी दुपारची होती. ती गणवेशातच आली होती, मुद्दाम. मिसेस हॅलोरन प्रसन्न बाई होत्या. त्यांनी फाइल उघडून पायसचे पत्र पुढे सरकवले. कोपऱ्यात हिरव्या शाईने लिहिले होते: ‘पालकांची संमती.’

“हे कोणी लिहिलं?” पायसने विचारले.

“मी. फाइलच्या सोयीसाठी.”

“मी संमती दिलेली नाही.”

“मिस्टर तुस्कानो, तुम्ही लिहिलंय, जे आवश्यक आहे ते करा. आम्हाला जे आवश्यक वाटलं ते आम्ही केलं.” त्या हसल्या. “भाषा फसवी असते, नाही का? पण आमचा हेतू चांगलाच होता. आणि खरं सांगू? थ्री युनिटचा वर्ग आता भरलाय.”

“एक्क्याऐंशी मार्कांना जागा नाही?”

“केवळ मार्कांवर आम्ही जात नाही. मुलगी तग धरेल का, घरचा आधार कसा आहे, पालक किती सहभागी आहेत...”

“जॉर्जियाला सिक्स्टी-फोर आहेत,” ॲबिगेल म्हणाली. “ती आहे लिस्टवर. होमवर्क माझा कॉपी करते.”

“ॲबिगेल, दुसऱ्या कुटुंबांविषयी आपण बोलत नाही.” मिसेस हॅलोरननी फाइल किंचित जवळ ओढली. “तिचे आईवडील फार सहभागी आहेत. शिफारस आल्यावर तिचे वडील तीनदा येऊन गेले.”

सेलिन शांतपणे म्हणाली, “म्हणजे शिफारस तिलाही आली होती.”

मिसेस हॅलोरनच्या गालांवर लाली चढली.

पायसला आता सारे स्वच्छ दिसले. त्याने कुंपण रंगवले होते आणि त्या माणसाने दार ठोठावले होते. कॉलेजच्या कोशात दोन्हींना एकच शब्द होता. ज्याला रंगाचा डबा द्यायचा त्यालाही सहभागी म्हणायचे आणि ज्याला खुर्ची द्यायची त्यालाही. आणि हा फरक कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता, म्हणून त्याविरुद्ध अपीलही नव्हते. चौदा वर्षांत त्याने मस्तवाल साहेब पाहिले होते, लाचखाऊ साहेब पाहिले होते. पण दुसऱ्याच्या पत्रावर स्वतःच्या शाईने त्याची संमती लिहिणारा एकही साहेब पाहिला नव्हता. तसे करायला गोदीत फार धीट माणूस लागला असता. इथे एक प्रसन्न बाई पुरली.

“नो,” तो म्हणाला.

“सॉरी?”

“नो. माझं पत्र नवव्या दिवशी मिळालं, तुमचाच शिक्का आहे. मुदत चौदा दिवसांची होती. संमती तुम्ही लिहिली, मी नाही. ती खोडा, खाली सही करा, तारीख घाला. तोवर आम्ही इथेच बसतो.”

“आज माझ्याकडे इतर अपॉइंटमेंट्स आहेत.”

“नो वरीज,” सेलिन म्हणाली. “आम्ही कोपऱ्यात बसू.”

ते खरेच कोपऱ्यात बसले. बाहेर दुसरे एक कुटुंब ताटकळू लागले, तशा मिसेस हॅलोरन उठून प्राचार्यांकडे गेल्या. पंधरा मिनिटांनी परतल्या त्या तोडगा घेऊन. ॲबिगेलने आत्ता, इथेच, एक चाचणी द्यावी. पंचवीस प्रश्न, एक तास. वीस बरोबर आले तर पंचविसावी खुर्ची ठेवू.

“जॉर्जियाने दिली ही टेस्ट?” ॲबिगेलने विचारले.

“तो प्रश्न इथे नाही.”

ॲबिगेलने वडिलांकडे पाहिले. ‘नाही म्हण’ असे त्या नजरेत होते, की ‘हो म्हण’, हे पायसला ठरवता आले नाही. नाही म्हणणे न्याय्य होते, आणि यादी तीन वाजता जाणार होती. त्याने होकारार्थी मान हलवली. मुलीने ओठ घट्ट मिटून पेन्सिल उचलली.

ती एकोणीस मिनिटांत उठली. मिसेस हॅलोरननी उत्तरतालिका शेजारी ठेवून एकेक खूण केली. त्यांचा विषय भूगोल होता. तेवीस. त्यांनी ते दोनदा मोजले.

“वेल डन! पाहिलंत, पालक पुढे आले की कसं छान होतं.” त्यांनी यादीत नाव घातले, हिरव्या शाईची संमती खोडली, सही केली, तारीख घातली, आणि हात पुढे केला. पायसने तो घेतला नाही. बसच्या ड्रायव्हरलाही उतरताना थँक यू म्हणणारा माणूस काही न बोलता, सही केलेल्या कागदाची झेरॉक्स आणि तपासलेली उत्तरपत्रिका मागून घेऊन बाहेर पडला.

गाडीत कोणीच जिंकल्यासारखे दिसत नव्हते. ॲबिगेल मागच्या सीटवर उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन बसली होती.

“बाय, झालं ना आता?” सेलिनने मागे वळून लेकीला विचारले; घरी ती तिला बायच म्हणे. “थ्री युनिट मिळालं.”

“हं.” ती कागदावरून नजर न उचलता म्हणाली, “नंबर नाइन माझा खरंच चुकला. स्टुपिड मिस्टेक. पण सोळावा चुकलेला नाही.”

“म्हणजे?” पायसने किल्ली फिरवता फिरवता थांबून विचारले.

“बघ ना. एक्स स्क्वेअर प्लस फोर एक्स प्लस सेव्हन इज इक्वल टू झीरो. दोन रिअल रूट्स काढा. रिअल रूट्स नाहीतच त्याला. मी तसं लिहिलं, वर्किंगसकट. तिच्या आन्सर शीटमध्ये मायनस वन आणि मायनस थ्री आहे, म्हणून तिने क्रॉस मारला. तिथे थ्री असणार, टाइप करताना सेव्हन झालाय.” तिने कागद घडी केला. “पेपरच चुकीचा आहे, पप्पा. दे आर टेस्टिंग मी, अँड दे कान्ट इव्हन... लीव्ह इट. आय ॲम इन. चल घरी.”

पायसने इंजिन बंद केले.

“पप्पा, नो. एका मार्कासाठी? त्याने काही बदलत नाही.”

“दे तो कागद.”

“ती ‘पुशी’ म्हणेल आपल्याला, मागेच लागलेत म्हणून!”

“म्हणू दे.”

ॲबिगेलने आईकडे पाहिले. सेलिनने घड्याळ पाहिले, दप्तरासारखी तिची ती मोठी पर्स खांद्याला अडकवली आणि दार उघडले.

“मी बसने जाते शिफ्टला,” ती म्हणाली. “बाय, तू पण जा त्याच्याबरोबर. गणित तुला समजावून सांगावं लागेल. त्याला नुसतं चिडता येतं.”

ॲबिगेलने कागदाची घडी उलगडली, खिशातली पेन्सिल काढून सोळाव्या प्रश्नाभोवती एक मोठा गोल काढला आणि उतरून वडिलांच्या पुढे कॉलेजच्या दाराकडे चालू लागली.