ढगाची जागा

"आला का गं रात्री स्वप्नात?"

उम्म शौकीने पायरीवरूनच विचारले. मुळ्याच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटावर मांडून ती त्यांच्यावर पाणी शिंपडत होती. दुकानाचे शटर अर्धे वर करता करता सुहैर म्हणाली, "नाही."

"पाठमोरा तरी? लांबून?"

"नाही, उम्म शौकी."

"माझ्याकडे काल येऊन गेला. पांढरी पायघोळ गल्लाबिया, दाढी केलेली. मला ओंजळभर लिंबं दिली. मेलेल्या माणसानं काही मागितलं तर घाबरायचं, दिलं तर चांगलं." तिने हाताचे पाणी गोणपाटाला पुसले. "जन्मभर माझ्या टोपलीतली लिंबं उचलून नेली तुझ्या बापानं. आता एकेक परत करतोय."

सुहैरला हसू आले, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत विरून गेले. हल्ली सगळेच असे वाटेत विरत होते. ती वाकून दुकानात शिरली.

बाहेर खमासीनचा वारा सुटला होता. वाळवंटातली धूळ मन्सूरा शहरावर येऊन उतरली होती आणि नदीपासून या गल्लीपर्यंत सगळी हवा जुन्या कागदासारखी पिवळी झाली होती. तो पिवळा उजेड शटरखालून आत येई आणि जमिनीवर पसरून राही. सुहैरने पंख्याचे बटण दाबले. छताला टांगलेले थर्माकोलचे ग्रह हळूच जागे झाल्यासारखे फिरू लागले. शनीच्या कड्यावरची धूळ हलली. कोपऱ्यांतले थर्माकोलचे बारीक दाणे उठले, थोडे तरंगले, पुन्हा बसले. अशा वेळी तिला वाटे, आपण दुकानात नाही, कुणाच्या तरी दुपारच्या झोपेत आहोत. जरा मोठ्याने बोललो तर तो माणूस जागा होईल आणि हे सगळे नाहीसे होईल.

दुकान होते वह्या-पेन्सिलींचे. पण लोक यायचे ते मागच्या टेबलासाठी. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचा मोसम आला की गल्लीत आयांची रीघ लागायची. "अम्म बदवी, वाचवा! प्रदर्शन गुरुवारी, आणि पोरानं तोंड उघडलं आज!" सुहैरचे वडील म्हणजे सगळ्या गल्लीचे अम्म बदवी, बदवीकाका. ते चष्म्यावरून बघत आणि एवढेच म्हणत, "पोराला घेऊन ये. पोर बघितल्याशिवाय मी कात्री उचलत नाही." मग त्या टेबलावर फुप्फुसे फुग्यांनी फुगत, मुंग्यांची वारुळे उभी चिरली जात, बटाट्यावर दिवा लागत असे.

बाजारात विचाराल तर बदवींचे काम सुबक आणि वेळेवर. घरात मात्र त्यांची ख्याती वेगळी होती. सुहैरची आई म्हणायची, "या माणसाच्या घशाखाली शेवटचा घास उतरतच नाही." स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या तीन दारांना मुठी होत्या, चौथे दार आई मरेपर्यंत सुरीच्या टोकाने उघडत राहिली. सुहैरच्या स्वतःच्या शाळेच्या पवनचक्कीला तीनच पाती लावलेली. चौथे वर्तमानपत्रात गुंडाळून, डिंकाच्या बाटलीसकट वडिलांनी तिच्या हातात ठेवले होते. वेळ झाला नसेल, असे ती तेव्हा समजली. दर वर्षी तसेच समजली. मोठी झाल्यावर कैरोच्या एका प्रकाशनसंस्थेत मुद्रिते तपासायची नोकरी लागली, तेव्हा वडील फोनवर म्हणाले होते, "छान. लोकांचं राहिलेलं तू पुरं करणार." तिला ते थोडे लागले होते. तुमचेच इतके राहते, असे ओठांवर आले होते.

आता ती दुकान रिकामे करायला आली होती. शुक्रवारी किल्ली जागेच्या मालकाला द्यायची होती. वह्यांचे गठ्ठे झाले, रंगांच्या बाटल्या खोक्यात गेल्या. फक्त मागचे टेबल राहिले होते. त्यावर चादर होती.

वडील गेले ते याच टेबलाशी. उम्म शौकीला वाटले, डुलकी लागली. चहा गार झाला तरी उठेनात, तेव्हा तिने खांद्याला हात लावला. सुहैर कैरोहून पोचली तोवर दफन झाले होते. मग तीन दिवस माणसे येत राहिली. खुर्च्यांवर बसत, कडू कॉफी पीत, दोन्ही तळहात उघडून गेलेल्यासाठी कुराणातली पहिली प्रार्थना, फातिहा, मनाशी म्हणत. सुहैरही तळहात उघडत असे. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या सात ओळी. पण दुसऱ्या ओळीपाशी काहीतरी व्हायचे. पुढचे शब्द ठाऊक असत आणि तरी सापडत नसत, मुद्रितातली ओळ हरवावी तसे. इतरांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले की तीही फिरवी. कुणाच्या ध्यानात आले नाही. वडिलांसाठी एवढे एक करायचे असते, आणि ते तिला एकदाही पुरे करता आले नव्हते.

तिने चादर उचलली.

खाली निळा समुद्र होता, लाटांसकट. कडेला तांबडा सूर्य. समुद्रातून वर जाणारे कागदी बाण, दुसऱ्या टोकाला डोंगर, डोंगरातून निघालेली नदी, तिच्या काठी टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी शेते, आणि नदी परत समुद्रात. पाण्याचा प्रवास. डोंगरावर एक तार उभी वाकवली होती आणि तिला नायलॉनचे बारीक दोरे बांधले होते. पंख्याच्या वाऱ्याने ते लकाकत होते. पाऊस होता, ढग नव्हता. नुसत्या तारेतून पाऊस पडत होता. खाली चिठ्ठी चिकटवलेली: नव्वारा, चौथी ब, गुरुवार.

आज बुधवार होता.

सुहैर कितीतरी वेळ त्या उघड्या तारेकडे बघत राहिली. मग दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. तिथे वडिलांची दुपारची उशी होती. मधोमध खळगा पडलेला. तिने शिवण उसवली. जुना कापूस गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी बाहेर आला. त्याला साबणाचा आणि रंगाचा वास होता. ती तो पिंजत बसली. बोटांत येईल तेवढा हलका करीत, एकावर एक थर ठेवीत. शेवटी तिच्या ओंजळीत एक ढग तयार झाला, कडेला किंचित करडा, पाऊस पोटात असलेला. फळीवर ग्लू गन होती, विकायला ठेवलेली. वडील ती स्वतः कधी वापरत नसत. तिने ती तापवली, तारेवर थेंब सोडले आणि ढग दाबला. क्षणात बसला. हलवून पाहिला, हलेना.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीतले काहीतरी सैल झाले. एक तरी काम पुरे झाले, बाबा. ती स्टुलावर बसली आणि ग्रह फिरताना बघत राहिली. तिला बहुधा थोडी डुलकीही लागली.

"सलाम अलैकुम, खालतो."

कुणीतरी मावशी म्हणून हाक मारली होती. शटरखाली शाळेचे बूट उभे होते. मग एक मुलगी वाकून आत आली. वेणी धुळीने माखलेली, मुठीत प्लॅस्टिकची पिशवी. पाठ केल्यासारखे ती म्हणाली, "अल्लाह अम्मो बदवींवर रहम करो," आणि लगेच, "मी नव्वारा. मम्मी म्हणाली, जाऊन बघ, असलं तर असलं. माझं झालंय?"

"झालंय ना. ये, बघ."

नव्वारा टेबलाशी आली. समुद्र पाहून हसली, नदीवरून बोट फिरवत डोंगरापर्यंत गेली, वर पाहिले आणि तिचे बोट थांबले.

"ढग कुणी लावला?"

"मी. का गं? वाकडा झालाय?"

"नाही. चांगलाय." तिने पिशवी उघडून दाखवली. आत पांढरा कापूस होता. "मग मी हा काय करू?"

"हा कुठला?"

"आमच्या गादीतला. अम्मो म्हणाले होते, ढग घरून आण. कापायला घेतली तेवढ्यात मम्मीनं बघितलं आणि चप्पल फेकली. चुकवली मी." ती भुवया उंचावून म्हणाली. मग पुन्हा ढगाकडे पाहू लागली. "उद्या मिस विचारणार, कुणी बनवलं. सगळी पोरं दुकानातून आणतात आणि म्हणतात, वल्लाही, अल्लाची शपथ, मी बनवलं. खोटारडी! अम्मोंच्या पोरांचं तसं नसतं. शेवटचं आम्ही लावतो. अम्मो म्हणायचे, शेवटचा तुकडा लागेपर्यंत ते नुसतं सामान. जो शेवटचा लावतो, त्याचं ते."

सुहैरची नजर ढगावर गेली.

"म्हणजे आता हे तुमचं झालं, खालतो," नव्वारा म्हणाली. तक्रार नव्हती, हिशेब सांगावा तसे. "मी नेलं तर मला खोटी शपथ घ्यावी लागेल." पिशवीचे तोंड पिळून तिने ती पुन्हा मुठीत धरली. नाक ओढले आणि शटरकडे निघाली.

"ए पोरी, थांब तिथंच!" उम्म शौकी दारातून ओरडली. ती सगळे ऐकत होती. गुडघ्यांवर हात टेकत आत आली आणि सुहैरवर डोळे वटारून म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं? पोटची पोरगी ना त्याची?"

"मला वाटलं, राहून गेलं."

"राहून गेलं म्हणे! ती डॉक्टरीण आली होती मोठ्या गाडीतून. म्हणाली, अम्म बदवी, तेवढं शेवटचंही चिकटवून टाका, माझा मुलगा हात खराब करत नाही. तुझा बाप काय म्हणाला? बाईसाहेब, मग शपथही तुम्हीच घ्या. गेली तणतणत. दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन आली."

सुहैरच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातले पाते आले, डिंकाची बाटली आली. मग दुसरेच काही आले आणि ती हळूच म्हणाली, "आणि घरातल्या कपाटाची मूठ? तीही आईसाठी ठेवली होती?"

उम्म शौकीने थोडा विचार केला. "नाही गं. तो आळस असणार. माणूस होता, कुणी संत-वली नव्हता."

आता मात्र सुहैर हसली. हसता हसताच टेबलाशी गेली आणि ढगाला हात घातला. तो निघेना. गरम डिंक तारेला घट्ट धरून बसला होता. तिने कटर घेतला. कापूस फाटत होता, लांब पांढरे धागे मागे राहत होते. पावसाचा एक दोरा तुटून नदीत पडला. नव्वाराने तोंडावर हात ठेवला. शेवटी तार मोकळी झाली, जराशी वाकलेली, आणि फाटका ढग सुहैरच्या हातात आला. तो कुठे ठेवावा हे तिला कळेना, म्हणून तिने तो धरूनच ठेवला.

"लाव तुझा," ती म्हणाली.

"त्या बंदुकीनं नको. अम्मोंचा पांढरा डिंक पाहिजे." नव्वाराने खोक्यातून बाटली स्वतःच शोधली. गादीतला कापूस तिने दोनच थापट्यांत गोळा केला. त्याला काही आकार नव्हता, बोकडासारखा दिसत होता. तारेला डिंक लावला, ढग टेकवला आणि दोन बोटांनी दाबून धरला. "आता बोलायचं नाही," ती म्हणाली. "घाई न करता एक फातिहा म्हणायचा, तोवर बोट काढायचं नाही. अम्मोंचं घड्याळ."

आणि ती म्हणू लागली, शाळेतल्या हेलात, प्रत्येक ओळीचे शेपूट लांबवत. पहिली ओळ. पंखा फिरत होता. दुसरी ओळ. सुहैरचे ओठ हलत होते आणि नेहमीच्या जागी थांबले. पण पोरीचा आवाज थांबला नाही. तो पुढच्या ओळीवर गेला, त्याने ती उचलून तिच्यापुढे धरली, मग त्याच्या पुढची. चौथ्या ओळीला सुहैरचा आवाज फुटला, खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला. शेवटची लांब ओळ दोघींनी मिळून म्हटली. दारात उम्म शौकीने ओले तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

नव्वाराने बोटे सावकाश काढली. बोकडासारखा ढग डोंगरावर राहिला. खाली पाऊस किंचित थरथरत होता.

"चिकटला," ती कुजबुजली. "नेऊ?"

"आणखी एकदा म्हण," सुहैर म्हणाली.

"पण चिकटलाय ना, खालतो."

"असू दे. ढग मोठा आहे."

नव्वाराने एकदा ढगाकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि बोटे परत ढगावर ठेवली. पिवळ्या उजेडात ग्रह फिरत होते. सुहैरचे दोन्ही तळहात उघडे होते आणि त्यांत वडिलांच्या उशीचा कापूस होता.