रिकामा गेलेला डोंगा

पंचफुलाबाईने गॅसवर दूध ठेवायचं, शेजारच्या गोजराबाईशी भांडायला जायचं, आणि भांडण रंगात आलं की इकडे पातेलं जळायचं. असं वरचेवर होऊ लागलं तेव्हा पुण्यातल्या लेकीने, स्नेहाने, गॅस काढायला लावला आणि मायच्या गावी, जऊळक्याला, मायक्रोवेव्ह पाठवला. सोबत अट. रविवारी येऊन बघीन. जमलं तर राहा, नाही तर कायमची माझ्याकडे चल.

पुण्याला पंचफुलाबाई एकदा राहून आली होती. सातवा मजला, सगळी दारं बंद, भांडायला माणूस नाही. तिथे कायमचं जायचं म्हणजे जिवंतपणीच फोटोत जाऊन बसायचं.

यंत्र साधं, फक्त गरम करणारं. केक भाजणारं घेऊन माय त्यात काय भाजणार, हा स्नेहाचा हिशेब. वायरमनने अर्थिंग तपासून जाड पिनेचा वेगळा बोर्ड बसवला. नियम लेकीने फोनवर सांगितले: स्टील आत घालायचं नाही, घट्ट झाकण लावायचं नाही, अख्खं अंडं ठेवायचं नाही, आत काही नसताना चालू करायचं नाही.

"हे शेवटचं समजलं," पंचफुलाबाई म्हणाली. "रिकामं भांडं तं आमी शेजारणीलेही वापस देत नाही."

पहिलं मात्र पटलं नाही, कारण घरात दुसरं काही नव्हतंच. सगळं स्टील, आणि प्रत्येक भांड्यावर नवऱ्याचं नाव कोरलेलं. त्यातलीच एक वाटी तिने आत ठेवली. बटण दाबताच ठिणग्या उडाल्या. तिने झटकन बंद केलं, वाटी बाहेर काढली आणि वरच्या नावाला सुनावलं, "जिते होते तवा कधी चमकले नाही." मग पाहुण्यांसाठी जपलेला सोनेरी काठाचा कप ठेवून पाहिला. तोही काठाकाठाने तडतडला.

यंत्रात चालण्याजोगा काचेचा डोंगा, म्हणजे खोलगट मोठा वाडगा, गल्लीत एकच. गोजराबाईच्या लेकाच्या लग्नात आहेरात आलेला, बुडाला मायक्रोवेव्हचं चिन्ह असलेला, आणि शोकेसमध्ये प्लास्टिकची द्राक्षं सांभाळत बसलेला. गोजराबाईने तो खळखळ न करता दिला. डोंगा जातो रिकामा, येतो भरून. यात तोटा कुठे आहे? एकदा उपमा आला, एकदा मसालेभात. मग भरीत आलं. वांगं फुटू नये म्हणून पंचफुलाबाईने ते काट्याने टोचून ठेवलं होतं.

गोजराबाईने बोट चाटून निकाल दिला. "धुराचा वासच नाही. बिमाराचं जेवण वाटते."

पुढच्या खेपेला डोंगा परत गेला तो घासलेला, पुसलेला आणि रिकामा. या गल्लीत याहून मोठी शिवी नाही. गोजराबाईने द्राक्षं पुन्हा डोंग्यात टाकली आणि शोकेसला किल्ली लावली. हे झालं शनिवारी.

रविवारी स्नेहा आली. "माय, चहाले दूध गरम करून दाखव."

"डोंगा गोजरापाशी हाय."

"मंग आन मांगून."

पंचफुलाबाई उंबऱ्याशी घुटमळली, पदर सारखा केला, शेवटी गेली. "गोजरा, डोंगा दे. नाही तं मी चालली पुण्याले."

"जाय ना. मले काय करा लागते?" म्हणत गोजराबाईने दार लावून घेतलं.

पंचफुलाबाई घरी येऊन लुगड्यांच्या घड्या घालू लागली. तिसऱ्या लुगड्याशी गोजराबाई दारात उभी. हातात डोंगा, डोंग्यात अर्ध्यापर्यंत दूध.

"घे. उतू नको घालू."

पंचफुलाबाईने डोंगा आत ठेवला आणि काचेसमोरून हलली नाही. मधेच थांबवून दूध ढवळलं, स्टीलचा चमचा आठवणीने बाहेर काढला, पुन्हा चालू केलं. शेवटी डोंगा दोन्ही हातांनी फडक्यात धरून खाली ठेवला. थेंबही सांडला नाही.

स्नेहा तरी म्हणालीच, "आज जमलं. अन् उद्या काही जळलं तं?"

"भिंतीले भिंत हाय," गोजराबाई म्हणाली. "वास पह्यले मलेच येते. तुया सातव्या मजल्यावर कोणाले येते?"

स्नेहाने चहा संपेपर्यंत विचार केला. "बरं. राहा. पण एक डोंगा पाठवून देतो मी, रोज मांगाले नको."

"कायले?" दोघी एकदमच म्हणाल्या.

स्नेहाची गाडी गेली आणि संध्याकाळी डोंगाभर शेवयांची खीर भिंतीपलीकडे पोचली. गोजराबाईने ती दारातच उभ्याने संपवली आणि डोंगा न धुताच परत केला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली. "उद्या बराबर टाकजो."