हलू नकोस

शोवा राजवटीचं बासष्टावं साल, म्हणजे १९८७. तोक्योत त्या वर्षी जमिनीचे भाव आभाळाला टेकले होते, आणि कोएन्जी भागात दर तिसऱ्या पोराच्या पाठीवर गिटारची पिशवी होती. केस साबण लावून उभे केलेले, खिशात नूडल्सपुरते पैसे, आणि तोऱ्यात मात्र सगळे राजे. त्या पोरांवरची एक चित्रकथा मुलींच्या मासिकात दरमहा येत असे. ‘तळमजल्यावरचं वादळ’ हे तिचं नाव. रॉक बँडचा गिटारवाला हायाते आणि धोब्याच्या दुकानात काम करणारी सुमि यांची ती प्रेमकथा. शाळकरी मुलींपासून दोन मुलांच्या आयांपर्यंत सगळ्या तिच्यापायी वेड्या झाल्या होत्या. त्या वसंतात तिचं टीव्हीसाठी अ‍ॅनिमेशन करायचं ठरलं.

चित्रकथा होती चिझुरु सेन्सेईंची. मानाने सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत. चाळिशीची बाई, जिभेला धार, आणि सुमिच्या डोळ्यांत अश्रू काढावेत तर त्यांनीच. पण गिटारला तारा किती, हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी मान वळवून तोकिएकडे पाहिलं असतं. तोकिए त्यांची मदतनीस, सव्वीस वर्षांची. चेहरे आणि डोळे सेन्सेईंचे. जिने, विजेच्या तारा, अ‍ॅम्प्लिफायर आणि हायातेचे हात तोकिएचे. वाचक मुली पत्रं लिहीत त्यात त्या हातांचं कौतुक असे. “हायातेची बोटं बघून झोप येत नाही,” असं एकीने ओसाकाहून लिहिलं होतं. सेन्सेईंनी ते पत्र भिंतीवर चिकटवलं आणि म्हणाल्या, “घ्या! मी बारा वर्षं डोळे काढतेय, आणि लोक मरतात कुणावर, तर तुझ्या बोटांवर.”

ती बोटं तोकिएची नव्हती. ती होती कुनिहिकोची.

मेच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅनिमेशनच्या संगीताचं बघणारे अरिसाका-सान सेन्सेईंच्या घरी आले. साठीचा वाळका माणूस, बगलेत जुनी गिटार. आल्या आल्या त्यांनी तातामीच्या चटईवर मासिकाच्या पानांच्या प्रती पत्त्यांसारख्या मांडल्या. दर महिन्याच्या भागात हायातेचा डावा हात एकदा तरी मोठ्ठा दिसे, गिटारच्या मानेवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरलेला. तेवढीच चित्रं त्यांनी ओळीने लावली होती.

“ह्या हाताचा मालक कोण?” त्यांनी विचारलं.

“तोकिएचा तो कुनिहिको,” सेन्सेई म्हणाल्या. “एका खोलीत राहतात. समोर बसवते त्याला आणि काढते. फुकटचा नमुना.”

“मग बाई, तुमचा तो फुकटचा नमुना मोठा डांबरट आहे,” अरिसाका-सान तोकिएकडे वळले. “ऐका.”

त्यांनी गिटार मांडीवर घेतली. पहिल्या भागातला हात पाहिला, तशीच बोटं ठेवली, तार छेडली. मग दुसऱ्या भागातला हात. मग तिसऱ्या. सावकाश, एकेका चित्रावर नजर टाकत ते पुढे सरकत गेले. पाचव्या-सहाव्या चित्राला सेन्सेईंनी सिगारेट विझवली. पंधराव्याला सेन्सेईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ते गाणं होतं. शब्द नव्हते, पण अगदी समोरासमोर बसून कुणी कुणाला काहीतरी सांगत असावं, असं ते गाणं होतं. महिन्याला एक सूर, असे बावीस महिने ते मासिकात छापून येत होतं. लाखभर बायकांनी ते विकत घेतलं होतं आणि एकीलाही ऐकू आलं नव्हतं.

“आणि मग हे बघा,” अरिसाका-सान म्हणाले. त्यांनी तेविसाव्या भागाचा हात वाजवला, मग चोविसावा, पंचविसावा. भांडी घरंगळावीत तसा आवाज झाला. “इथून पुढे बोटं खोटं बोलतायत. दिसायला सुरेख, पण ही कॉर्डच नाही. आजारी होता का तो?”

“दमला होता,” तोकिए म्हणाली.

“बावीसनंतर एकच कॉर्ड हवी. घरी परत आणणारी. तेवढी त्याला विचारून या. हेच शीर्षकगीत करू. गाणं त्याच्याच नावावर राहील.”

“आजच विचारेल की,” सेन्सेई म्हणाल्या. “रात्री जेवताना विचार गं.”

तोकिएने मान डोलावली. गेले सात महिने ती अशीच मान डोलावत होती. कुनिहिको कसा आहे? बरा आहे. कुनिहिकोला केक दे. देते. तो केक ती एकटी खायची, आणि पुढच्या भागातला हात आठवून आठवून काढायची. कुनिहिको निघून गेला होता, आणि ह्याची तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्या दोघांची खोली लाकडी इमारतीत वरच्या मजल्यावर होती. भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्याने पान उलटलं तरी कळावं. खाली घरमालकीण हामानो आजी. कुनिहिकोने एक तार छेडली की त्या खालून केरसुणीच्या दांड्याने छताला ठोकत. म्हणून तोकिएला हात काढायचा असला की तो नुसता डावा हात गिटारवर धरून बसायचा. उजवा हात मांडीवर. आवाज नाही. अर्धा तास, कधी पाऊण तास. तोकिए नाक कागदाला लावून काढायची आणि मधूनमधून एकच म्हणायची, “हलू नकोस.”

आदल्या ऑक्टोबरात, बाविसाव्या भागाच्या वेळी, तो म्हणाला होता, “तोकि, संपत आलंय हं. काही कळलं का तुला?”

“हलू नकोस ना. करंगळी राहिलीय अजून.”

तो हलला नाही. करंगळी झाली. पानं द्यायची मुदत तोंडावर आली होती म्हणून दुसऱ्या दिवशी ती तीन दिवस सेन्सेईंकडेच मुक्कामाला गेली. परत आली तर गिटारची जागा रिकामी. टेबलावर चिठ्ठी: बाबांना झटका आलाय, दुकान बघायला गावी, योनागोला जातोय, भात लावून ठेवलाय. भात कुकरमध्ये तीन दिवस गरम राहून पिवळा पडला होता. तिने तो तसाच उभ्याने खाल्ला, पातेल्याला चिकटलेला सुद्धा. चिठ्ठीत ये असंही नव्हतं, येऊ नकोस असंही नव्हतं. तिने स्वतःची समजूत घातली की वडील बरे झाले की तो येईल. मग लाज वाटायला लागली, आणि लाजेत सात महिने गेले.

आता मात्र तिच्यापाशी विचारायला काहीतरी होतं. शेवटची कॉर्ड. तो ती सांगेल, सांगताना गिटार हातात घेईल, आणि मग... पुढचं ती शिन्कान्सेन या वेगवान गाडीत ओकायामापर्यंत आणि तिथून डोंगरातल्या गाडीत योनागोपर्यंत जुळवत राहिली.

तोफूचं दुकान कालव्याच्या काठी होतं. दुपारचे तीन वाजलेले, दिवसाचा माल संपलेला. रबरी बूट घालून कुनिहिको पाण्याची टाकी घासत होता. केस बारीक कापलेले. तिला पाहून त्याच्या हातातला ब्रश थांबला.

“बारीक झालीस,” तो म्हणाला.

“तू जाड झालास.”

“सोयाबीनचा चोथा खातो रोज. टाकवत नाही ना.”

दोघं हसली. तोकिएला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. तिने एका दमात अरिसाका-सानचं सगळं सांगितलं. तो ऐकताना टाकीच्या कडेवर बसला.

“म्हणजे तुला नाही कळलं,” तो म्हणाला. “त्या म्हाताऱ्याला कळलं.”

“कुनि, मी रोज तुझ्या हाताकडेच बघत होते.”

“हो. बघत होतीस खरी.” त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मला वाटायचं, आज विचारशील, कुनि, हे काय धरलंयस? विचारलंस की लगेच वाजवून दाखवायचं, असं ठरवलं होतं मी. हामानो आजींनी काठी ठोकली असती, फार तर घराबाहेर काढलं असतं. बावीस महिने वाट बघितली. तू काय म्हणायचीस, आठवतं?”

तिला आठवत होतं. 

“मग आता विचारते,” ती म्हणाली. “शेवटची कुठली?”

“शेवटची नव्हतीच. तू विचारल्यावर आपोआप सुचेल असं वाटलं होतं.” त्याने डावा हात तिच्यापुढे केला. ज्या घट्ट्यांवर ती टोकदार निबने एकेक रेघ ओढायची, ते घट्टे गेले होते. बोटांची टोकं पाण्याने मऊ पडून सुरकुतली होती. “आता तार टोचते.”

इतक्यात आतून एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. डोक्याला रुमाल, गालांवर वाफेची लाली. ही योशिनो. मार्चमध्ये मध्यस्थाने दोघांची भेट घडवली होती, लग्न सप्टेंबरात होतं, आणि सासऱ्यांना उठवत नाही म्हणून ती आत्तापासूनच कामाला येत होती.

“तोक्योच्या ओळखीच्या आहेत,” कुनिहिको म्हणाला आणि पुन्हा ब्रश उचलला.

“बसा ना, ताई. तळलेला तोफू ठेवलाय एक, खाऊन बघा,” योशिनो म्हणाली. “तुम्हाला ह्यांची गिटार माहीत असेल मग! मला आपलं काहीच माहीत नव्हतं. पहिल्या भेटीत मध्यस्थबाई ह्यांच्या दुकानाच्या कमाईचं सांगतायत, शिक्षणाचं सांगतायत, आणि माझं सगळं लक्ष ह्यांच्या हाताकडे. मी म्हटलं, अहो, बोटांच्या टोकांना हे काय झालंय? मध्यस्थबाईंनी मला असा चिमटा काढला!”

“योशिनो, चहा गार होतोय,” तो टाकीतून म्हणाला.

“होऊ दे. मग लग्न ठरलं त्या दिवशी ह्यांनी वाजवून दाखवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बाई, मला रडूच आलं.”

तोकिएने कप खाली ठेवला. “शेवट कसा होता हो त्याचा?”

“शेवट ना?” योशिनोने थोडा विचार केला. “छान होता. बाहेरून दमून घरी आल्यासारखं वाटलं.”

टाकी घासण्याचा आवाज थांबला नाही. तोकिएने तोफू सगळा खाल्ला, छान झालाय म्हणाली, आणि उठली. ती आणखी एक प्रश्न विचारू शकली असती. गिटार वरच होती, माडीवर, पेटीत. जिन्याच्या सहा-सात पायऱ्या. पण ती कॉर्ड विचारण्याचा हक्क आता तिचा उरला नव्हता. निघताना योशिनोने चार तळलेले तोफू वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. कुनिहिको दारापर्यंत आला. “काळजी घे,” तो म्हणाला, आणि ती वळेपर्यंत तसाच उभा राहिला, जराही न हलता. जुनी सवय.

तोक्योला पोचल्यावर तिने अरिसाका-सानना सांगितलं, “बावीसपुढे काही नाही.”

“असं कसं? गाणं अधांतरी लटकतंय.”

“लटकू द्या,” तोकिए म्हणाली, आणि मग सेन्सेईंच्या टेबलापाशी खाली बसून, तोंडावर हात धरून रडली. सेन्सेईंना त्यातूनच सगळं समजलं. “मूर्ख पोरी, सात महिने माझे केक एकटीने खाल्लेस?” असं म्हणून त्याही तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्या महिन्याचा भाग दोन दिवस उशिरा गेला.

अ‍ॅनिमेशन जानेवारीत सुरू झालं. दर गुरुवारी संध्याकाळी गाणं वाजायचं आणि बाविसाव्या कॉर्डवर थांबायचं. लोकांनी टीव्हीच्या कचेरीत फोन केले की तुमची टेप कुठेतरी कापली गेलीय. अरिसाका-सान सगळ्यांना सांगायचे, बरोबर आहे, कापलीच गेलीय. ते हेइसेई राजवटीच्या सहाव्या वर्षी, म्हणजे १९९४ साली वारले. चिझुरु सेन्सेईंनी हायाते आणि सुमिचं लग्न कधी लावलं नाही. वाचकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि म्हातारपणी त्या इझुला समुद्राकाठी जाऊन राहिल्या. हामानो आजींच्या घराच्या जागी गाड्या लावतात. तोकिएने पुढे तीस वर्षं इतरांच्या चित्रकथांसाठी हात काढले, लग्न केलं नाही. मोतीबिंदू झाल्यावर निब खाली ठेवलं.

अ‍ॅनिमेशन चालू होतं त्या पहिल्याच हिवाळ्यात योनागोहून एक पोस्टकार्ड आलं होतं. योशिनोचं. ‘ताई, टीव्हीवर ह्यांचंच गाणं लागतं, पण तुमच्याकडचा शेवट राहिलेला दिसतो. ह्यांना विचारून लिहून पाठवू का? हे नुसते हसतात आणि सोयाबीन धुवायला निघून जातात.’ तोकिएने उत्तरात नववर्षाच्या शुभेच्छा लिहिल्या, बाकी काही नाही. मग दरवर्षी दोघींची शुभेच्छांची कार्डं येत-जात राहिली. योशिनोच्या कार्डात मुलींच्या बातम्या असत. प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

रेइवा राजवटीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला, करड्या काठाचं कार्ड आलं. घरी दुःख आहे, यंदा शुभेच्छा नकोत. कुनिहिको गेला तेव्हा साठ वर्षांचा होता. तोकिएने ते कार्ड दोन आठवडे टेबलावर ठेवलं. मग तिने योशिनोला पत्र लिहिलं, आणि बत्तीस वर्षांनी ते विचारलं: त्या गाण्यातली शेवटची कॉर्ड कशी होती? बोटं कुठे होती?

योशिनोचं उत्तर फेब्रुवारीत आलं. 

‘ताई, ते नाही सांगता येणार मला. हे वाजवायचे तेव्हा मी डोळे मिटून ऐकायचे. हाताकडे कधी बघितलंच नाही.’